‘गोल्ड कुठंही नेऊ द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

माझा भाचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक खेळतो, म्हणजे ब्लिझर्ड कंपनीच्या ऑनलाइन गेमची जुन्या रूपातली आवृत्ती. परवा त्यानं एक मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली स्वतःची ओळ जोडली: ‘मावशी, मुद्दे पटतायत. घेऊ का?’ हा मेसेज गेमिंगच्या मराठी ग्रुपांमधून बराच फिरतोय, म्हणून उत्तर इथंच देते.

मेसेजचं म्हणणं असं. कॅरेक्टर (खेळाडूचं गेममधलं पात्र) एका सर्व्हरवरून (गेमच्या एका स्वतंत्र जगातून) दुसऱ्यावर नेताना सोबतच्या गोल्डवर, म्हणजे गेममधल्या चलनावर, मर्यादा घालणं ही लूट आहे, कारण कमावलेलं गोल्ड खेळाडूचं. गोल्ड हलवल्यानं महागाई होत नाही, एकूण गोल्ड तेवढंच राहतं. मोकळं सोडलं की सगळीकडचे भाव आपोआप सारखे होतात. काही गडबड झालीच तर कंपनी रोलबॅक करते, म्हणजे सर्व्हर आधीच्या स्थितीला मागं नेते. मर्यादेनं गोल्ड विकणारे थांबत नाहीत, ती फक्त टोकन खपवायला ठेवलीय. (टोकन कंपनी खऱ्या पैशांत विकते, आणि गेममध्ये ते गोल्डला विकता येतं.) आणि एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर तळाला एक नंबर: ‘ओस पडलेल्या सर्व्हरवरचं स्वस्त गोल्ड, कॅरेक्टरसकट तुमच्या सर्व्हरवर.’

‘कमावलेलं गोल्ड माझं’ यावर फार बोलत नाही. जुन्या सर्व्हरवर ते तुझंच आहे, खुशाल खर्च कर.

‘एकूण गोल्ड तेवढंच राहतं’ हे मात्र वाचून डोकं फिरलं. राज्यातलं एकूण पाणी तेवढंच राहणार आहे, म्हणून कोयनेचे सगळे दरवाजे एका गावावर उघडायचे का? भाव ठरतो तो त्या त्या सर्व्हरच्या ऑक्शन हाऊसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात. समजा एका लहान सर्व्हरवर पोशन (औषधाची बाटली) 5 गोल्डला मिळतं आणि नवा खेळाडू तासभर क्वेस्ट (गेमनं दिलेली कामं) करून 20 गोल्ड कमावतो. म्हणजे तासाला चार पोशनं. आता ओस सर्व्हरवरून तिघं जण लाखो गोल्ड घेऊन उतरले. ओस सर्व्हरवर विकत घ्यायला काही उरलेलंच नसतं, म्हणून तिथलं गोल्ड कवडीमोल असतं. या तिघांनी ऑक्शन हाऊस झाडून घेतलं आणि पोशन 20 वर गेलं. क्वेस्टचं बक्षीस गेमच्या कोडमध्ये लिहिलेलं असतं, बाजार चढला म्हणून ते वाढत नाही. त्याच मुलाला आता तासाच्या कष्टाचं एक पोशन. झाडपाला गोळा करून विकणाऱ्याला जास्त भाव मिळतो हे खरं, पण त्या पैशातून त्याला जे घ्यायचंय तेही चढलेलंच असतं. शिवाय आलेलं गोल्ड लवकर जिरत नाही. ऑक्शन हाऊस विक्रीवर 5 टक्के कापतं, थोडंफार दुरुस्तीत जातं. बाकीचं फक्त या खिशातून त्या खिशात.

बरं, एकूण गोल्ड ‘तेवढंच’ राहतं हेसुद्धा दरवेळी खरं नसतं. ॲमेझॉनचा न्यू वर्ल्ड आठवा. 28 सप्टेंबर 2021 ला गेम आला, सर्व्हरबाहेर हजारोंच्या रांगा लागल्या, तेव्हा कंपनीनं फुकट सर्व्हर-बदलाचं आश्वासन दिलं. निघण्याआधी ट्रेडिंग पोस्टवरचा (तिथल्या बाजारातला) आपला माल काढून घ्यायचा, कंपनी सोडायची, अशा अटी होत्या. (कंपनी म्हणजे तिथली गिल्ड, खेळाडूंचा गट.) तरीही ऑक्टोबर संपायच्या आत गोल्डच्या नकला होत असल्याच्या संशयावरून हे बदल काही काळ थांबवावे लागले. कॅरेक्टर हलवणं म्हणजे एका डेटाबेसातली नोंद काढून दुसऱ्यात घालणं. नव्या ठिकाणची नोंद नीट जतन होत नसेल, तर माणूस मित्राला सगळं गोल्ड देतो, बाहेर पडून परत येतो, आणि त्याच्या खिशात ते जसंच्या तसं. मित्राकडेही आहेच. पुढं 1 नोव्हेंबरला तर, पुन्हा नकलांच्याच संशयावरून, खेळाडूंमधली सगळी देवाणघेवाण बंद झाली: आपसातला व्यापार, ट्रेडिंग पोस्ट, गिल्डची तिजोरी, सगळं. हे ॲमेझॉननं स्वतः जाहीर केलं होतं, कुणा यूट्यूबरचं ऐकून सांगत नाही. अशा वेळी वरची मर्यादा निदान एवढं करते, की एका नकलेमागं नव्या सर्व्हरवर किती गोल्ड शिरेल ते बांधलेलं राहतं.

रोलबॅकचं म्हणाल, तर तो कंपनीचा निर्णय असतो, तुमचा हक्क नव्हे. मे 2013 मध्ये ब्लिझर्डच्याच डायब्लो 3 या गेमच्या ऑक्शन हाऊसमध्ये पॅचमधल्या (अपडेटमधल्या) चुकीनं गोल्डच्या नकला झाल्या. ब्लिझर्डनं ऑक्शन हाऊस बंद केलं, खाती तपासून कारवाई केली, पण सर्व्हर मागं नेले नाहीत. रोलबॅक केला असता तर प्रामाणिक खेळाडूंचीही त्या वेळातली मेहनत पुसली गेली असती.

भाव आपोआप सारखे होतात? माल दोन्हीकडं मोकळा फिरला तर होतात. पैसे भरून, एकदाच, एका दिशेनं जाणाऱ्या कॅरेक्टरांनी नाही होत. फायनल फँटसी 14 या गेममध्ये 2019 पासून दुसऱ्या वर्ल्डला (तिथं सर्व्हरला वर्ल्ड म्हणतात) भेट देता येते. तिथल्या बाजारातून खरेदी करा, पण विक्री करणारा रिटेनर (गेममधला आपला नोकर) तिथं बोलावता येत नाही, माल विकायचा तो घरच्या वर्ल्डवर. असं एकेक दार विचार करून उघडतात.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. मर्यादेनं गोल्ड विकणारे थांबत नाहीत, हे बरोबर आहे. गोल्ड नेता येत नसेल तर ते महागडा माल बॅगांत भरून नेतात आणि पलीकडं विकतात. आणि वॉरक्राफ्टच्या मुख्य गेममध्ये 2024 मध्ये वॉरबँड बँक (सामायिक तिजोरी) आल्यापासून एकाच माणसाची वेगवेगळ्या सर्व्हरवरची कॅरेक्टर गोल्ड वाटून घेऊ शकतात. हे उदाहरण मेसेजवाल्याला कसं सुचलं नाही कोण जाणे. पण त्याआधी, 2022 मध्येच, झाडपाला-खनिजांसारख्या मालाचा बाजार अख्ख्या रीजनसाठी (अनेक सर्व्हर मिळून बनलेल्या विभागासाठी) एक केला होता. रोज लागणाऱ्या मालाला स्वतःचा असा छोटा बाजारच उरला नाही, म्हणून पैसा मोकळा सोडणं झेपलं. क्लासिकमध्ये अजून सर्व्हरचं, किंवा जोडलेल्या सर्व्हरांच्या गटाचं, ऑक्शन हाऊस वेगळं आहे. आणि माल भरून नेणारा निदान माल तरी आणतो, त्यानं तिथला पुरवठा वाढतो. नुसतं गोल्ड आणणारा तेही करत नाही.

टोकनचा आरोप दोन ओळींत संपतो. टोकन आलं 2015 मध्ये, क्लासिकमध्ये तर 2023 मध्ये. सर्व्हर-बदलातली गोल्डची मर्यादा त्याच्या कितीतरी आधीची. कंपनी टोकनवर पैसे कमावते का? कमावतेच. तो वेगळा राग आहे, वेगळा काढा.

राहिला तळाचा नंबर. ब्लिझर्डच्या नियमांत एकाचं कॅरेक्टर दुसऱ्या माणसाच्या खात्यावर हलवताच येत नाही, फक्त स्वतःच्याच खात्यांमध्ये. म्हणजे ‘कॅरेक्टरसकट’ देणारा एकतर तुमच्या खात्याचा पासवर्ड मागणार, नाहीतर स्वतःचं अख्खं खातं विकणार, जे तो नंतर आपल्या ईमेलवरून परत मिळवू शकतो. दोन्ही नियमाबाहेर. हे गोल्ड बहुतेकदा बॉटचं (आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमचं) किंवा कुणाच्या हॅक झालेल्या खात्यातलं असतं. ते सापडलं की कंपनी काढून घेते, आणि बंदी येते ती विकत घेणाऱ्याच्या खात्यावरसुद्धा. यूपीआयनं गेलेल्या पैशांची तक्रार ‘मी चोरीचं गोल्ड घेत होतो’ अशी लिहून दाखवा एकदा.