उधळ्या पुत्राची कथा आधुनिकतावाद्यांनी खरोखर उलटी केली का?

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात (15:11-32) उधळ्या पुत्राचा दृष्टांत आहे : आपला वाटा घेऊन घर सोडलेला धाकटा मुलगा सारे उधळून परततो आणि बाप त्याला आनंदाने घरात घेतो. या दृष्टांताबद्दल एक विधान वारंवार केले जाते : आधुनिकतावादी (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साहित्याच्या जुन्या चौकटी मोडणाऱ्या) लेखकांनी बापाच्या क्षमेची ही कथा उलटी करून कुटुंब आणि श्रद्धा दोन्ही धुडकावली. या लेखनाचा मजकूर पाहिला तर हे विधान टिकत नाही.

श्रद्धा धुडकावल्याचा आरोप फ्रेंच लेखक आंद्रे जीदवर होतो. त्याने 1907 साली ही कथा नव्याने लिहिली, तेव्हा प्रारंभीच सांगितले की कोणत्याही देवाचा आपल्यावरचा किंवा आपला देवावरचा विजय त्याला सिद्ध करायचा नाही. उलट जुन्या धार्मिक चित्रांच्या कोपऱ्यात चित्राचा खर्च देणारा दाता रंगवलेला असतो तसा तो स्वतः गुडघे टेकून, हसऱ्या पण अश्रूंनी भिजलेल्या चेहऱ्याने बसला आहे. इतक्या उघड द्विधेला नकार म्हणणे म्हणजे लेखकाचे शब्दच न वाचणे होय.

कुटुंबाचे म्हणाल, तर जीदने मूळ दृष्टांतात नसलेली आई आणि परतलेल्या पुत्राचा आणखी एक धाकटा भाऊ कथेत आणला. परतलेला पुत्र घर सोडू पाहणाऱ्या या भावाला अडवत नाही, त्याला दिवा धरतो, पण स्वतः मात्र घरीच राहतो. बंडाचा जयघोष करणाऱ्या लेखकाने त्यालाही पुन्हा घराबाहेर काढले असते.

जर्मन भाषेत लिहिणारा कवी रिल्के याच्या 1910 च्या कादंबरीच्या अखेरीस हा पुत्र प्रेम नाकारतो, हे खरे आहे. मात्र घरच्यांचे प्रेम त्याला त्यांच्या मनातल्या साच्यात बसवू पाहते, म्हणून तो ते नाकारतो. आणि आपल्यावर प्रेम करणे केवळ एकालाच शक्य आहे, पण तो 'एक' अजून तयार नाही, अशा ओळींनी कादंबरी संपते. त्या 'एका'ची वाट पाहणारा माणूस अश्रद्ध कसा?

जर्मन भाषेतलाच कथाकार काफ्का याच्या, घरी परतलेल्या मुलावरच्या, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या छोट्या तुकड्यात तर बापाशी भांडणच नाही. मुलगा स्वयंपाकघराच्या दाराशी थबकतो, आणि जितका थांबतो तितका परका होत जातो.

शेवटी, मूळ कथा पूर्ण समेटाने संपते हे गृहीतकच चुकीचे आहे. लूकमध्ये थोरला भाऊ रागाने बाहेर उभा राहतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि तो आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. घरात आपली जागा कोणती, हा प्रश्न आधुनिकतावाद्यांना दृष्टांतातच मिळाला होता.