बास्टायचा फोटो आणि पप्पांचा फोन

मागच्या महिन्यात मी एक फोटो टाकला होता, जर्मनीतल्या बास्टायच्या पुलावरचा, मागं वाळूच्या दगडाचे उभे सुळके, खाली एल्बे नदी आणि मी दात काढून उभी. दोन तासांत आत्याची कमेंट, "मजा आहे बाई तुझी!" त्याखाली कुणाचं तरी "आम्हाला पण ने की", मग एका काकांचं "अभ्यास पण कर गं थोडा 😂" आणि रात्री पप्पांचा फोन. जेवलीस का, थंडी पडली का वगैरे झाल्यावर हळूच म्हणाले, "बाळा, ते फिरायचे फोटो जरा कमी टाकशील का? लोन आहे आपल्यावर. लोकं विचारतात."

मी "बरं" म्हणलं आणि फोटो काढून टाकला. पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून आज लिहिते. पप्पा, तुम्ही वाचणार आहात हे माहितीये, चिडू नका.

तर आधी पैशाचंच बोलू, कारण खरा मुद्दा तोच आहे. मी सांगलीहून ड्रेस्डेनला मास्टर्सला आले त्याला आता वर्ष झालं. येताना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) 11,208 युरो भरले होते (सप्टेंबर 2024 पासून नवीन मुलांना 11,904 झाले), त्यातनं दर महिन्याला 934 युरो माझ्या हातात येतात, जास्त मागितले तरी मिळत नाहीत. पैसे आपलेच आणि आपल्यालाच रेशनवर. त्यातले तीनशेच्या वर हॉस्टेलचं भाडं, दीडशेच्या आसपास हेल्थ इन्शुरन्स, तो घेतल्याशिवाय युनिव्हर्सिटी नावच नोंदवून घेत नाही. मग टीव्ही-रेडिओची सरकारी फी, फ्लॅटमागं महिना 18.36, घरात टीव्ही नसला तरी! पहिल्यांदा ते पत्र आलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी फसवतंय, मी ते फाडणारच होते. रूममेटनं अडवलं म्हणून वाचले.

आता यातल्या कशाचा फोटो टाकू? इन्शुरन्सच्या पावतीसोबत सेल्फी?

आणि फिरायचा खर्च किती? आमच्या सेमिस्टर फीमध्येच रेल्वेचं तिकीट असतं, डॉइचलांड सेमिस्टर टिकेट. 2025 मध्ये बाहेरच्या माणसाला डॉइचलांड टिकेट महिना 58 युरोला पडायचं, आम्हाला त्याच्या 60 टक्के, म्हणजे 34.80. सहा महिन्यांचे तेव्हा 208.80, ते फीसोबत आधीच कापून घेतात, तुम्ही फिरा नाहीतर खोलीत झोपा, परत काही मिळत नाही. त्यावर देशभरातल्या ट्राम, बस, लोकल आणि रिजनल ट्रेन सगळ्या चालतात, फक्त आयसीई, आयसी असल्या फास्ट गाड्या नाहीत. म्हणजे तो बास्टायचा फोटो मला किती रुपयांना पडला सांगू? ड्रेस्डेनहून एस-वन लोकल पकडली, पाऊणएक तासात राथेन, तिथं नदी ओलांडायला होडी, तिचे किरकोळ पैसे, मग चढण पायी. वर पुलावर जायला तिकीट नाही. डब्यात थालीपीठ आणि पिशवीत सांगलीचं भडंग. त्या दिवशी बाहेरची एक पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही कारण तिच्यावर 25 सेंट डिपॉझिट द्यावं लागतं आणि रिकामी बाटली परत करेपर्यंत सांभाळत बसा.

त्या होडीचं सांगायलाच पाहिजे. राथेनच्या होडीला इंजिनच नाही! नदीत, प्रवाहाच्या वरच्या बाजूला, एक लांब केबल बांधलेली, होडी त्या केबलला धरून तिरकी होते आणि नदीचा प्रवाहच तिला ढकलत पलीकडं नेतो. आवाज नाही, धूर नाही. मी दोनदा उगीचच अलीकडं-पलीकडं केलं. पप्पांना व्हिडिओ पाठवला तर त्या दिवशी लोन-बिन सगळं विसरून त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले, केबल कुठं बांधलीये, पूर आला तर काय करतात, पाणी आटलं तर चालते का. कृष्णाकाठच्या माणसाला नदी दाखवा फक्त.

आमचं तसंही नदीवरनं जुळतं. इथं ऑगस्ट 2002 मध्ये एल्बेला पूर आला होता, पाणी 9.40 मीटरपर्यंत चढलेलं. जुन्या इमारतींवर कुठं कुठं पुराच्या खुणा आहेत, वर्ष आणि रेघ. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथं बराच वेळ उभी राहिले, कारण 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी होतं आणि आम्ही सहा दिवस मावशीकडं होतो. शेजारी माझी जर्मन वर्गमैत्रीण होती, तिला सांगितलं की आमच्याकडं आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिनं मोबाईलवर मीटरमध्ये करून बघितलं आणि गप्प झाली. त्या दिवसाआधी आमचं बोलणं म्हणजे असाइनमेंट कधी द्यायची एवढंच, त्यानंतर मैत्रीण झाली. खोलीत बसून हे झालं नसतं.

पुलावरनं आठवलं, मी यायच्या आधी दोनच आठवडे, 11 सप्टेंबर 2024 ला पहाटे इथल्या कारोलाब्र्यूके नावाच्या पुलाचा एक भाग नदीत कोसळला, ट्रामच्या रुळांसकट. नशीब, तेव्हा त्यावर कुणी नव्हतं. ते बघून पप्पांची पहिली प्रतिक्रिया काय, तर "आपला आयर्विन 1929 चा आहे, अजून उभा आहे, सांग त्यांना." सांगितलं मी. एका प्रोफेसरांनाच सांगितलं, ते पोट धरून हसले.

मुद्द्यावर येते. घरच्यांना वाटतं की पोरगी फिरतीये म्हणजे मजा करतीये, आणि खोलीत बसलीये म्हणजे अभ्यास करतीये. उलटं आहे हो! मागच्या हिवाळ्यात मी अडीच महिने शहाण्यासारखी खोलीत बसले. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो, सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. कॉलेज, बेकरीतली नोकरी, खोली. फोटो एकही नाही टाकला, सगळे खूश. त्या अडीच महिन्यांत मी दोन परीक्षा पुढं ढकलल्या, रात्री तीनला मॅगी खात होते आणि आईशी बोलताना कॅमेरा बंद ठेवायचे, "नेटवर्क नाहीये" म्हणून. लोनच्या दृष्टीनं सगळ्यात महागडे महिने ते होते, कारण परीक्षा पुढं गेली की सेमिस्टर वाढतं, सेमिस्टर वाढलं की परत भाडं, परत इन्शुरन्स. पण त्याचा फोटो नाही ना, म्हणून कुणाच्या डोळ्यात आलं नाही.

यातनं मला बाहेर काढलं ते इराणच्या रूममेटनं. एका रविवारी म्हणाली, चल, गोर्लिट्सला जाऊ. इथं रविवारी दुकानं बंद असतात, सुपरमार्केटसुद्धा, खोलीत ड्रिल मशीन चालवलं तर शेजारी तक्रार करतात, काचेच्या बाटल्या पेटीत टाकायलासुद्धा बंदी, का तर आवाज होतो. म्हणजे रविवारी पैसे खर्च करायचे म्हणलं तरी करता येत नाहीत, ट्रेनमध्ये बसणं एवढंच उरतं. वाटेत बाउत्सेन स्टेशन लागलं, पाटीवर दोन नावं, जर्मनमध्ये बाउत्सेन आणि खाली सोर्बियनमध्ये बुडिशिन. मला वाटलं छपाईची चूक. नाही, तिथं सोर्ब लोक आहेत, त्यांची स्वतःची स्लाव्हिक भाषा, चारी बाजूंनी जर्मन असून टिकवलेली. गोर्लिट्सला उतरून नायसे नदीवरचा पायी चालायचा पूल ओलांडला की पोलंड. शंभरेक पावलं! अलीकडं युरो, पलीकडं झ्लोटी. पलीकडं पिएरोगी खाल्ले, हुबेहूब उकडलेली करंजी, फक्त आत बटाटा आणि चीज. मी बोलता बोलता रडायला लागले, कारण आजी संक्रांतीला... जाऊ दे. रूममेट बिचारी घाबरली, तिला वाटलं तिखट लागलं.

त्यानंतर ठरवलं, महिन्यातनं दोन रविवार बाहेर. राहिलेल्या दोन्ही परीक्षा उन्हाळ्यात निघाल्या. आता कुणी म्हणेल योगायोग. असेल बाबा.

आणि भाषा? क्लासमध्ये शिकलेली जर्मन एक आणि इथली माणसं बोलतात ती एक. सॅक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेनच्या राज्यात, "हो" ला "या" म्हणायच्या ऐवजी "नू" म्हणतात. बेकरीत पहिल्या आठवड्यात एक आजीबाई आल्या, मी विचारलं आयरशेके देऊ का (इथला तीन थरांचा केक आहे, खाऊन बघाच), त्या म्हणाल्या "नू", मी समजले नो, ठेवून दिला परत. त्या परत "नू, नू!" मी परत नाही समजून मान हलवली. मागची रांग हसायला लागली. मालकीणबाईंनी समजावून सांगितलं. शनिवारी पहाटे साडेपाचला जाते मी तिथं, 2025 मध्ये तासाला 12.82 युरो मिळायचे, तेव्हाचा इथला किमान पगारच तो. तर तिथल्या पैशातनं मी फिरते, लोनच्या नाही, हे पण एकदा लिहून टाकते.

चुका होतात. लाइप्झिगहून येताना गप्पांच्या नादात मी आयसीमध्ये चढले, आपलं तिकीट त्यात चालत नाही, टीसी आला आणि 60 युरो गेले. चूक माझीच, पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं. साठ युरो म्हणजे पाच तासांची बेकरी. ते घरी सांगितलं नव्हतं, आता कळलंच तुम्हाला. आणि हो, अशी पोरं पण आहेत जी क्रेडिट कार्डवर दर महिन्याला पॅरिस नाहीतर आम्सटरडॅम करतात आणि मग शेवटच्या आठवड्यात कुणाकडं तरी शंभर युरो मागत फिरतात, त्यांच्याबद्दल काका लोक बोलतात ते खोटं नाही. मला राग फक्त एवढ्याचा येतो की ते आणि मी एकाच फोटोवरनं मोजले जातो. आणि गंमत बघा, माझा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला आहे, दर वीकेंडला लोणावळा नाहीतर अलिबाग, कारचं लोन आहे त्याच्यावर, त्याच्या फोटोखाली कुणी "काम पण कर रे थोडं" लिहित नाही. मुलगी आणि एज्युकेशन लोन हे कॉम्बिनेशनच तसलं आहे.

पप्पा, तुमचं पण कळतं मला. घराचे कागद बँकेत आहेत, तुम्हाला रोज कट्ट्यावर बसायचं असतं आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात, मला नाही. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं तर सांगा की तिचं महिन्याचं तिकीट 2025 मध्ये पस्तीस युरोचं होतं आणि ते फीमध्येच कापलेलं असतं. नाहीतर होडीचा व्हिडिओ दाखवा. लोनचा विषय निघणारच नाही, मी तुमच्यावरनं सांगते.

फोटो परत टाकलाय, खाली कमेंटमध्ये आहे.

या रविवारी माइसेनला चाललोय आम्ही, जिथं 1710 पासून चिनीमातीची भांडी बनवतात, घ्यायची ऐपत नाही, बाहेरनं बघून येणार. भडंग संपलंय. नोव्हेंबरमध्ये सांगली-मिरजेहून कुणी जर्मनीला येणार असेल तर मेसेज करा प्लीज, अर्धा किलो पुरे, लसूण जास्त घातलेलं.