दाजींची पहिली बिअर

बिअरबद्दल चार गोष्टी ठाऊक असणे हा गुन्हा नसला, तरी त्या चारचौघांत बोलून दाखवणे हा नक्कीच आहे, कारण ज्याने आजवर बिअरचा थेंबही चाखलेला नाही असा प्रत्येक जण त्यानंतर आपली पहिली बिअर निवडण्याची जबाबदारी बोलणाऱ्याच्या गळ्यात घालतो. माझ्या गळ्यात ती दाजींनी घातली. पन्नाशी उलटल्यावर त्यांना बिअरची चव एकदा पाहायची होती आणि त्यांच्या अटी तीनच होत्या: कडू नको, उग्र नको, डोक्यात जायला नको.

मी त्यांच्यासमोर माझी सर्वांत आवडती बिअर ठेवली. ती इंडिया पेल एल होती, कडवटपणासाठीच ओळखली जाणारी.

दाजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग ग्लास दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवून त्यांनी अत्यंत अदबीने विचारले, "ही संपवावीच लागते का हो?" ताई म्हणाली, "तो लहानपणापासून असाच आहे. स्वतःला जे हवे असते, तेच दुसऱ्याला भेट देतो."

हे वर्मी लागल्यामुळे मी रीतसर अभ्यासाला बसलो. बिअरचा कडवटपणा येतो तो हॉप्सच्या फुलांमुळे. ती जितका वेळ उकळावीत, तितका कडवटपणा बिअरमध्ये अधिक उतरतो, आणि तो मोजायला आयबीयू नावाचे एककही आहे. दाजींना मी दिलेल्या प्रकारात हा आकडा साधारण ४० ते ७० असतो, तर हलक्या लागर प्रकारच्या बिअरमध्ये तो ८ ते १२ च्या आसपास राहतो. म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी मी त्यांना थेट धबधब्याखाली उभे केले होते.

पुढचा सापळा रंगाचा होता. "काळी नको, ती कडक असते," असे दाजींनी बजावले, तेव्हा गिनेसच्या काळ्याभोर ड्राफ्ट स्टाउटमध्ये अल्कोहोल जेमतेम सव्वाचार टक्के असते आणि तो रंग निव्वळ भाजलेल्या बार्लीचा असतो, हे मी त्यांना सप्रमाण पटवून दिले. परंतु त्या भाजलेपणाची चव बिनसाखरेच्या कॉफीकडे झुकते, त्यामुळे वाद जिंकूनही उपयोग नव्हता. उलट सोनेरी, निष्पाप दिसणारी पिल्सनर घ्यावी, तर १८४२ मध्ये पिल्झेन गावी जन्मलेली ही बिअर चवीला चांगलीच कडवट निघते. तिला उत्तर म्हणून म्युनिकच्या श्पाटेन या बिअर कारखान्याने १८९४ मध्ये हेलेस नावाची बिअर काढली. तीही सोनेरीच, पण माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोडसर बाजूची आणि स्वभावाने मऊ. मी तिच्यावर शिक्कामोर्तब करणार, एवढ्यात गव्हाची बिअर आठवली.

पंधरा दिवसांनी दुसरी बैठक भरली. दाजींसाठी बव्हेरियन वाइसबिअर, म्हणजे तीच गव्हाची बिअर, आणि माझ्या मनःशांतीसाठी पुन्हा तीच इंडिया पेल एल, अशी सिद्धता केली. मी ग्लास तिरका धरून कडेने धार सोडली (पहिल्या खेपेस मी ती उत्साहाच्या भरात सरळ ओतली होती आणि दाजींच्या वाट्याला अर्धा ग्लास फेसच आला होता) आणि तळाशी बसलेले यीस्ट हलवून वरून घातले.

दाजींनी ग्लास उजेडात धरला. "ही गाळायची राहिली आहे."

"दाजी, ती गढूळच असते."

त्यांनी एक घोट घेतला. डोळे उघडेच राहिले. दुसरा घोट त्यांनी न सांगता घेतला. "यात केळे घातले आहे."

"केळे अजिबात नाही. तो वास यीस्टमुळे येतो."

"मग लवंग तरी?"

"तीही यीस्टचीच करामत आहे."

हे त्यांना मुळीच पटले नाही. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, हे सांगून मी त्यांचा संशय आणखी बळकट केला. जी वस्तू घातलेली आहे ती मान्य करायची आणि जिचा वास येतो आहे ती नाही म्हणायचे, हा त्यांच्या मते शुद्ध बनाव होता. तरीही बोलता बोलता त्यांचा ग्लास तळाला गेला आणि पंधरा दिवसांच्या अभ्यासाचे चीज झाले म्हणून मी समाधानाने माझ्या ग्लासाकडे हात नेला.

तो रिकामा होता. कोणती बिअर आवडेल, हे एवढ्या दिवसांत कोणीच जिला विचारले नव्हते, ती ताई ओठांवरचा फेस पुसत म्हणाली, "ही कडू चांगली आहे रे. अजून आहे का?"