प्रायमर बघून दाब कळतो म्हणे!

घरी रायफलची काडतुसं भरणाऱ्यांमध्ये एक चित्र दर काही महिन्यांनी फिरत येतं. वापरलेल्या पाच-सहा पुंगळ्यांची (काडतुसाच्या पितळी नळ्यांची) बुडं ओळीनं मांडलेली. डावीकडच्या प्रायमरच्या (बुडात बसवलेली, ठोक्यानं पेटून पावडर पेटवणारी छोटी वाटी) कडा गोल, उजवीकडे जाल तशा चपट्या. खाली मजकूर: 'गोल म्हणजे सेफ. चपटा म्हणजे पावडर जास्त. बोल्ट जड होईपर्यंत थोडी थोडी वाढवत जा. बुडाजवळ चीर गेली तर पावडर कमी करा.' (बोल्ट म्हणजे पुंगळीमागे नळी बंद करणारा दांडा; तो उघडायला जड जाणं ही जास्त दाबाची खूण मानतात.) मी अमेरिकेत राहतो, इथे हा उद्योग घरी करता येतो. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी हे गंमत म्हणूनच वाचावं.

'गोल म्हणजे सेफ.' या चौघांत सगळ्यात घातक वाक्य हेच. इथल्या काडतूस उद्योगाची मानकं ठरवणारी 'सामी' ही संस्था प्रत्येक काडतुसाला, पावडर जळून होणाऱ्या दाबाची कमाल मर्यादा घालून देते. .४५-७० ला २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), .३०-३० ला ४२,०००, .३०८ विंचेस्टरला ६२,०००, .२७० ला ६५,०००. आता या चारही काडतुसांना लागतो तो मोठा रायफल प्रायमरच, एकाच डबीतून काढून चौघांत बसवता येतो. समजा ५०,००० ला त्याच्या कडा अजून गोल आहेत. .३०८ मध्ये उत्तम. .३०-३० च्या जुन्या लिव्हर रायफलीत मात्र मर्यादा ओलांडून ८,००० पुढे गेलात, आणि .४५-७० चं तर बोलायलाच नको. आपण कोणाच्या घरी बसलोय हे प्रायमरला काय ठाऊक? शिवाय सगळ्या प्रायमरांची वाटी सारखी नसते. सीसीआय कंपनीच्या छोट्या प्रायमरांत ४५० नंबरची वाटी ४०० पेक्षा जाड. त्याच दाबाला ४०० चपटेल आणि ४५० जैसे थे राहील.

'चपटा म्हणजे पावडर जास्त.' हे मीही काही वर्षं खरं मानलं. .३०८ च्या वीस पुंगळ्या चपट्या प्रायमरसकट निघाल्या, म्हणून पावडर एक ग्रेन उतरवली. तरी चपटे. आणखी एक उतरवली. तरी तेच. शेवटी कम्पॅरेटर (मोजायचं साधन) लावून खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग, मोजला, तर माझ्याच चेंबरमधून (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेतून) निघालेल्या पुंगळीपेक्षा, साइझिंग केलेल्या, म्हणजे डाय या साच्यात दाबून परत मापात आणलेल्या पुंगळीचा खांदा आठ थाऊ मागे. (पिंपरीच्या वर्कशॉपात काढलेली वर्षं, इंचाच्या हजाराव्या भागाला तोंडात थाऊच येतो.) डाय जरुरीपेक्षा खाली बसवली होती. अशा आखूड पुंगळीवर पिनचा ठोका बसला की ती पुढे सरकते आणि प्रायमर पेटून मागे निघतो. पुंगळीच्या भिंती चेंबरला चिकटतात, मग दाब चढला की बूड ताणलं जाऊन मागे येतं आणि बाहेर आलेल्या प्रायमरला बोल्टवर चेपून परत खाचेत बसवतं. दिसायला अगदी जास्त दाबाची खूण! पावडरचा त्यात दोष नव्हता, डाय थोडी वर घेतल्यावर कडा गोल झाल्या.

'बोल्ट जड होईपर्यंत वाढवत जा.' बोल्ट जड झाला म्हणजे पितळानं आधीच हार मानलेली असते. ते सरकलंय, परत आक्रसत नाही. मर्यादा मागे कुठेतरी राहून गेली. थंडीत ठरवलेल्या चार्जचा (पावडरच्या मापाचा) दाब जुलैच्या उन्हात आणखी चढतो ते वेगळंच. मी गोळीचा वेग मोजतो. काडतूस भरण्याच्या मॅन्युअलनं कमाल चार्जला दिलेला वेग तेवढ्याच लांबीच्या नळीत आला, की हातातलं माप कमाल आकड्याच्या खाली असलं तरी मी थांबतो. फुकटचा वेग कोणी देत नाही, तो दाबातूनच येतो. अर्थात जड बोल्टमागे कधी कधी पावडर नसतेच. .३०८ ची पुंगळी २.०१५ इंचांच्या पुढे लांबली की तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात अडकतं, गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब उसळतो. व्हर्नियर लावायला दहा सेकंद लागतात.

'चीर गेली तर पावडर कमी करा.' चीर कुठे आहे ते आधी बघा. मानेवर उभी असेल तर पितळ कडक झालंय. बुडाच्या थोडं वर गोल चकचकीत कडी दिसत असेल तर वर सांगितलेलं ताणणंच पुन्हा पुन्हा झालंय, आणि पुढल्या बाराला बूड तुटून वेगळं होऊ शकतं. अशा वेळी पावडर कमी करून ती पुंगळी पुन्हा भरणं हा शुद्ध आत्मघात. पेपरक्लिप सरळ करा, टोकाला जरासा काटकोन द्या, पुंगळीत घालून आतली भिंत बुडापासून वर खरवडत आणा. खाच असेल तर टोक तिथे टचकन अडकतं. माझ्या त्या वीसांपैकी सातांमध्ये अडकलं. वीसही पुंगळ्यांची तोंडं पक्कडीनं चेपून भंगारात दिली.