मास्तरकीतून आमदारकी: इच्छुकांसाठी फुकट मार्गदर्शन

परवा पोरीच्या शाळेचं गॅदरिंग झालं तेव्हाच ठरवलं, ज्या कुणा मास्तरला आमदार व्हायचंय त्याला मार्गदर्शन करायचं. पैसे नकोत. आमचेच एक सर आमदार झालेत, त्यामुळं सगळा प्रवास अगदी बाकावर बसून बघितलाय.

तर आधी मास्तर व्हा. लई वर्षं नको, नावामागं 'सर' चिकटेपर्यंत. एकदा चिकटलं की परत खडूला हात नाही लावला तरी चालतंय.

मग संस्था काढा. आईच्या नावानं काढा.

विधानसभेच्या नादी लागू नका, तिथं लोक पाणी किती दिवसाआड येतंय ते विचारतात. विधान परिषद बघा. 78 पैकी 7 जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत. आपला पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, पाच जिल्ह्यांना मिळून एक शिक्षक आमदार. सर दिसला नाहीत बरेच दिवस, असं कुणी विचारलं की बाकीच्या चार जिल्ह्यांत होतो म्हणायचं, तिथंपण हेच सांगायचं. मतदार म्हणजे माध्यमिक आणि त्याच्या वरच्या वर्गांना मागच्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेले. झेडपीच्या प्राथमिकचे गुरुजी, जे तुमच्या सगळ्या निवडणुकांच्या ड्युट्या करतात आणि याद्या घेऊन दारोदार फिरतात, त्यांना यात मतच नाही, तेवढाच तुमच्या डोक्याचा ताप कमी. आणि गंमत म्हणजे मतदार शिक्षक लागतो, उमेदवार शिक्षकच पाहिजे अशी अट नाही. तरीपण तुम्ही मास्तरकी केली, हा तुमचा मोठेपणा.

मतदारयादी दर वेळी नव्यानं होते, 19 नंबरचा फॉर्म. हेडमास्तर आपल्याच संस्थेतला असला की फॉर्मचा गठ्ठा पगाराच्या आधी तयार होतो.

टप्पा अनुदानाचा, म्हणजे विनाअनुदानित शाळांना पगारासाठी सरकारकडनं टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या पैशाचा, विषय कधी संपवू नका. 20 टक्के, 40 टक्के, असं हळूहळू. संपला तर पुढच्या टर्मला बोलणार काय?

जुन्या पेन्शनवर मात्र घसा फोडून बोला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची ती बंद झाली, त्यांच्यासाठी काळी फीत लावा, फोटो काढा. तुम्ही स्वतः काळजी करू नका, एक टर्म झाली की माजी आमदाराची महिना 50,000 ची पेन्शन ठरलेली आहे.

सत्काराला सोलापुरी चादरच घ्या. शाल काय कुठंपण मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्यक्रमाला उशिरा जा. किती उशिरा? सांगतो. पत्रिकेत साडेनऊ होतं, आमची पोरगी आठ वाजता नऊवारी नेसून, डोक्याला गजरा लावून लेझीम हातात घेऊन गेटवर रांगेत उभी. स्वागताला म्हणून पोरींना उघड्यावर ठेवलेलं, मांडव पाहुण्यांसाठी. चपला काढायला लावल्या होत्या, फोटोत बऱ्या दिसत नाहीत म्हणून. सोलापूरचं ऊन, त्याला जानेवारी कळत नाही. साडेदहा झाले, साडेअकरा झाले, सर निघालेत निघालेत, एक पोरगी चक्कर येऊन खाली बसली तर बाई तिला पाणी पाजून परत रांगेत उभ्या करायल्यात, का तर गाडी कुठल्याही क्षणी येईल. माझी एका पायावरनं दुसऱ्या पायावर नाचायली होती. सव्वाला आल्या तीन गाड्या. आले, हार घातला, आणि पाऊण तास बोलले. विषय काय? शिस्त. वेळेचं महत्त्व!

अहो ह्याच जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा निवडून आले आणि एसटीनं फिरले. तुम्हाला तीन गाड्या असून शहरातल्या शहरात पावणेचार तास उशीर होतो?

आता मार्गदर्शन राहू दे. सर, मी तुमच्या आठवी ब चा. घंटा झाली की तुम्ही दार आतनं लावायचा. एसटी चुकली म्हणून मी पाच मिनिटं उशिरा आलो तर तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं होतं, वर दोन छड्या. तेव्हा राग नाही आला, खरं सांगतो, सरांना वेळेची किंमत आहे असंच वाटलं. आणि तुम्हाला त्या पोरींकडं एकदा बघावं वाटलं नाही? वर्गात पोरगं आजारी असलं तर मास्तरला चेहऱ्यावरनं कळतंय, एवढी वर्षं शिकवून तुम्हाला तेवढंही राहिलं नाही? लाज वाटायला पाहिजे होती सर. माईक घेऊन आधी माफी मागायला पाहिजे होती.

आणि भाषण लांबलं म्हणून लेझीम झालीच नाही. ड्रेसचं भाडं साडेतीनशे रुपये घेतलंय शाळेनं, तेवढं परत करायला सांगा त्यांना.