‘फसवणूक’ हा शब्द मला मान्य नाही

नमस्कार. ‘पहिली ठासणीची रायफल बांधताना’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. त्याच दिवशी उत्तर देणार होतो, पण डोकं तापलेलं असताना लिहू नये म्हणून चार दिवस थांबलो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की नवशिक्याने अर्धवट कोरून आलेला दस्ता (बंदुकीचं लाकूड), ब्रीच प्लग म्हणजे मागचं तोंड बंद करणारा स्क्रू बसवलेली बॅरल आणि तयार लॉक (बार पेटवणारी घोड्याची यंत्रणा) घेऊन सुरुवात करावी. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘साच्यातून निघालेला दस्ता आणायचा, चार स्क्रू मारायचे आणि रायफल बांधली म्हणून मिरवायचं, ही स्वतःची फसवणूक आहे आणि तुम्ही ती नवीन लोकांना शिकवताय.’ खाली आणखी तीन मुद्दे: दस्त्याची लांबी आधी मोजायला सांगितलं नाही, गजाचं, म्हणजे बार ठासायच्या सळईचं, दस्त्यातलं भोक आत सरकलेलं असलं तर लॉकचा पुढचा बोल्ट त्यात घुसतो हे सांगितलं नाही, आणि लाकडाला रंग दिल्यावर त्यात उरलेल्या आम्लाचा जोर घालवायला सांगितलं नाही.

शेवटचा मुद्दा बरोबर आहे, आधी तेच मान्य करतो. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये लोखंड विरघळवून केलेलं ते रंगाचं पाणी मेपलच्या लाकडावर लावलं आणि हीट गनने तापवलं की हिरवट राखाडी दिसणारं लाकूड बघता बघता तांबूस होतं, मेपलचे वाघाच्या पट्ट्यांसारखे पट्टे वर येतात, आणि त्या आनंदात सोड्याच्या पाण्याने पुसायचं राहून गेलं तर आत उरलेलं अ‍ॅसिड पुढे रंग बिघडवतं. हे वाक्य माझ्याकडून राहिलं होतं, आजच लेखात टाकलंय. धन्यवाद.

आता ‘फसवणूक’.

हा शब्द तुम्ही किती सहज टाइप केलात माहीत नाही, मला मात्र तो चार दिवस टोचतोय. मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. पण गेली कित्येक वर्षं शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवणाऱ्या माणसाला ‘मिरवायचं’ म्हणणं ही चर्चा नव्हे, आणि समोरासमोर असतो तर तुम्ही हे बोलला नसतात.

तुम्ही परंपरेचा दाखला दिलात ना, मग परंपरेवरच बोलू. अठराव्या शतकातल्या अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या, लँकेस्टरच्या ज्या कारागिरांची नावं आपण दोघंही आदराने घेतो, ते सगळे प्रत्येक रायफलीचं लॉक स्वतः घडवत बसत नव्हते. इंग्लंडहून लॉकं पेट्यांनी यायची, ती विकत घेऊन दस्त्यात बसवायचे. ‘केटलँड’ नाव कोरलेली इंग्लिश लॉकं अमेरिकन रायफलींवर आजही बघायला मिळतात. म्हणून काय त्या कारागिरांनी रायफल बांधली नाही म्हणायचं? त्यांनाही तुम्ही ‘फसवणूक’ म्हणाल का? तुम्ही व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या जुन्या गावातले बंदूक-कारागीर वॉलेस गस्लर यांचं उदाहरण दिलंत, की त्यांनी १९६० च्या दशकात जुन्या पद्धतीने, अगदी बॅरलसुद्धा भट्टीत लोखंड ठोकून बनवली. त्यांच्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, कदाचित जास्तच. पण तो त्यांचा पेशा होता, तिथल्या गनस्मिथ शॉपमध्ये ते रोज तेच काम करत होते. ऑफिसातून आठवड्याला सहा तास काढणाऱ्या माणसासमोर तुम्ही ते उदाहरण ठेवता, तेव्हा त्याला शिकवत नाही, घाबरवता.

आणि हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सुरुवात तुम्ही म्हणता तशीच झाली होती, फळीपासून, म्हणजे सगळा दस्ता स्वतः कोरून. कुणीतरी असंच ‘खरं काम फळीपासून’ म्हणालं आणि मला ते पटलं. सुंदर मेपलची फळी आणली, ४२ इंची अष्टकोनी बॅरलची खाच महिनोन्महिने हाताने खोदली, आणि मग गजाचं भोक पाडायला घेतलं. पुढच्या भागात गजाची खोबण उघडी असते, पण मागे साधारण फूटभर भोक लाकडाच्या पोटात जातं, बॅरलच्या खाली पाव इंचाहूनही कमी लाकूड ठेवून. लांब ड्रिल रेषा पकडून चाललंय असं मला वाटत होतं. बाहेर काढून बॅरलच्या खाचेत बघितलं तर तळाला भोक, बिट वर सरकून खाच फोडून बाहेर आलं होतं. ती फळी अजून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी आहे. त्यानंतर आठ महिने मी पटाशीला हात लावला नाही, छंद तिथेच संपला असता. असे किती जण सोडून गेले असतील, याचा विचार केलाय तुम्ही?

मग अर्धवट कोरलेला दस्ता आणला, तुमचा ‘साच्यातला’. आणि तुम्ही म्हणता चार स्क्रू! एकदा बसून बघा. ब्रीचपाशी जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी परत थोडी फुगलेली बॅरल त्या खाचेत आपोआप बसत नाही. बॅरलला काजळी लावायची, दाबायची, उचलायची, लाकडावर जिथे काळा ठिपका उठेल तेवढाच खरवडायचा, परत काजळी, परत दाबायचं. माझे वडील फिटर होते. कानस मारताना हात हलतोय की कोपर, हे त्यांनी मला लहानपणी कान पिरगाळून शिकवलं, तरी लॉकची प्लेट बसवताना एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी किती वेळा काजळी लावली ते मोजणं सोडून दिलं. शेवटी प्लेटचा बोल्स्टर, म्हणजे तिचा आतल्या बाजूचा जाड भाग, बॅरलच्या कडेला असा टेकला की मधून कागद जाईना. त्या वेळी मी एकटाच होतो, मिरवायला कुणी नव्हतं.

मुळात जुना शागीर्द वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली असायचा, चुकला तर हात धरणारं कुणीतरी शेजारी असायचं. आज शिकणाऱ्याच्या शेजारी कुणी नाही. अर्धवट कोरलेला दस्ता त्याला एवढंच सांगतो की बॅरल इथे, गज इथे, आता पुढचं तू कर. यात कमीपणा कसला? पहिल्या रायफलीत पटाशी आणि कानस शिका, लॉकभोवतीच्या कडा पॉलिश पेपरने गोल होऊ न देणं शिका, ड्रिलशी झुंज दुसऱ्या-तिसऱ्यात घ्या. हे मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नाही असं दिसतंय.

बाकीचे दोन मुद्दे. दस्त्याची लांबी ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची असते, ती मोजायची हे कुणालाही कळतं, त्यासाठी वेगळा परिच्छेद कशाला. आणि बोल्टचं म्हणाल तर माझ्याही पहिल्या रायफलीत पुढचा बोल्ट गजाला अडत होता, कानशीने बोल्टला खाच पाडली, अर्ध्या तासात विषय संपला. त्यावरून लेख चुकीचा ठरत नाही.

एक मात्र पुन्हा सांगतो, कारण इथे भारतातूनही लोक वाचतात. अमेरिकेत १९६८ च्या केंद्रीय कायद्यात या बंदुकींना सूट आहे, तरी राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, त्यामुळे तिकडच्यांनी फक्त वाचावं.

तुमचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त असेल, मी नाकारत नाही. पण ज्ञान असलेल्या माणसाने नवीन माणसाशी या सुरात बोलू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्या लेखाखाली तिघांनी विचारलेल्या साध्या प्रश्नांना तुम्ही एका शब्दाचं उत्तर दिलेलं नाही हेही मी बघितलंय. तो शब्द मागे घेतलात तर पुढचं बोलू, लॉकपासून घोड्याच्या स्प्रिंगपर्यंत हवं ते बोलू. नाही घेतलात तरी लेख सोड्याचं ते एक वाक्य वाढवून आहे तसाच राहील.