मूल पाच वर्षांचं होतंय? कुणाला सांगायचं ते आधी ठरवा

पाचवा वाढदिवस जवळ आला की कच्चे पालक हॉल शोधायला लागतात. मुरलेले पालक आधी यादी करतात: पोराचं वय कुणाला सांगायचं आणि कुणापासून लपवायचं. केकवर ५ चा आकडा वीतभर उंच हवा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘बघता बघता पाच वर्षं झाली’ ही ओळ हवी, शेजारी ते रडवेलं पिवळं तोंड हवं. पण एसटीच्या कंडक्टरपर्यंत यातलं काही पोचता कामा नये.

एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. फुग्यांची कमान, युनिकॉर्नचा केक आणि आयांना माईकवर ओरडून संगीतखुर्ची खेळायला लावणारा तो अँकर, यांच्यावर तुम्ही वीस हजार उडवलेत ना? उडवा. हौसेला मोल नसतं. अर्ध्या तिकिटाला असतं.

घरात आजी असेल तर मोठी सोय. आजी तिथी मानते. तिथी आणि तारीख पुन्हा साधारण एका दिवशी यायला १९ वर्षं लागतात, तोवर दरवर्षी काही दिवस पोराला दोन वयं असतात. ज्या वयात पैसे वाचतात ते शास्त्रानुसार, असं समजून चालावं.

शाळेच्या दारात मात्र हीच गाडी उलटी हाकायची. तिथे वय वाढवून हवं असतं आणि ते वाढत नाही. पहिलीत जायला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. मूल ३ जानेवारीचं असेल, तर शेजारच्या ३० डिसेंबरच्या पोरापेक्षा ते एका इयत्तेने मागे, आणि त्या चार दिवसांचे टोमणे पार दहावीपर्यंत. तेव्हा बाळंतपणाची तारीख मुहूर्त बघून नव्हे, प्रवेशाचे नियम बघून ठरवावी.

आधारचंही आटपून घ्या. पाचच्या आतल्यांचं निळं आधार ठशांशिवाय मिळतं. पाचानंतर बोटांचे ठसे आणि बुबुळं द्यावी लागतात. आमच्या लेकीच्या बोटांवर त्या दिवशी फेव्हिकॉल वाळलेला होता. यंत्र घेईना. ऑपरेटर म्हणाला, “बाळा, हात पुसून ये.” ही पुसायच्या ऐवजी एकेक साल सोलत बसली आणि मागच्या रांगेला अख्ख्या बोटाची सालं मोठ्या अभिमानाने दाखवत राहिली.

काही गोष्टी पाचाला बंदही होतात. त्या फुकट होत्या, म्हणून त्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. आमच्याकडे बोरन्हाण पाचापर्यंतच. पोलिओचे थेंबही पाच वर्षांखालच्यांनाच. त्या रविवारी जिन्यात शेजारचा दोन वर्षांचा पोरगा डाव्या करंगळीवरची शाई सगळ्यांना दाखवत होता. आमची आपली कोरी करंगळी उलटसुलट करून बघत उभी. “मला का नाही?” म्हणाली. मी म्हटलं, तू मोठी झालीस. हे उत्तर तिला अजिबात आवडलं नाही. असो. आपण तिकिटाचं बोलत होतो.

तर परवा स्वारगेटहून साताऱ्याला निघालो, चौघं. कंडक्टर आला तशी माझ्या आईने बटव्यातून प्लास्टिकच्या पिशवीतलं आधार काढून त्याच्या नाकासमोर धरलं. “पंच्याहत्तर पूर्ण!” पंच्याहत्तरीपुढे एसटी मोफत आहे ना. साडी घेताना हीच बाई सत्तरीत असते. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बायकोचं अर्धं. म्हणजे त्या बाकांवर पूर्ण पैसे देणारा मी एकटा, आणि मांडीवर पाय दुमडून, मान खाली घालून बसवलेली आमची पाच वर्षं आणि नऊ दिवस. विचारलंच तर चार म्हणायचं, हे पाठ करून घेतलं होतं. (पाढे इतके कधी घेतले नाहीत.)

“काय गं, किती वर्षांची तू?”

“एसटीत चार,” ती म्हणाली. “घरी पाच.”

पुढच्या बाकावरचे आजोबा खोकण्याच्या निमित्ताने हसले. माझी आई तातडीने खिडकीबाहेरचा कात्रजचा घाट बघायला लागली. घाट यायला अजून वेळ होता. कंडक्टर काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं आणि मशीनचं बटण दाबलं. हे तुमच्या बाबतीत घडलं तर मुलाला दटावू नका. “अरे हो की, परवाच झाली नाही का पाच!” असं बायकोकडे बघून म्हणावं. बायको साथ देईलच असं नाही. आमची पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

तिकीट लेकीने माझ्या हातात येऊच दिलं नाही. साताऱ्यापर्यंत मुठीत. मध्येच मूठ उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची. मांडीवरूनही उतरली. तिकीट आहे म्हणाली, सीट माझी. वाढदिवसाच्या भेटींपैकी सात अजून कागदात गुंडाळलेल्या पडल्या आहेत. ते घामट तिकीट मात्र कंपासपेटीत, खोडरबराखाली.

आता पुढची तयारी. मुलगी असेल तर बाराव्या वाढदिवसाची धास्ती सोडा, एसटीत तिचं तिकीट त्यानंतरही अर्धंच राहतं. मुलगा असेल तर त्याला आतापासून वाकून बसायची सवय लावा.